पोशा भंडारी ताडावर का चढला

दुपारचं जेवण उरकून हसुराम पडवीत चटई टाकून आडवा होतो. डोक्याखाली पंच्याची घडी, अंगात धुवून वाळवलेला पांढरा सदरा. संध्याकाळी लोक सभेला न्यायला येणार म्हणून बायकोनं तो आत्ताच घालायला लावला आहे. झोप काही यायची नाही, असं त्यानं तिला सांगितलेलं आहे आणि ते खोटंही नाही. उद्या उजाडल्यावर त्याला स्वतःची झाडं स्वतःच्या हातानं तोडायची आहेत.

घराच्या मागून खाडीपर्यंत सतरा ताड उभे आहेत. माडवली गावात एवढे सरळ ताड दुसऱ्या कुणाचे नाहीत. हसुरामच्या बापानं ते लावले आणि ताडी निघायच्या आधी बाप गेला. ताडी काढली ती हसुरामनं. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीला अबकारी खात्याचा काळा आकडा आहे. आकडा असलेल्या झाडाचा कर भरायचा, मगच ताडीसाठी त्यावर कोयता चालवायचा. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला हे जन्मापासून ठाऊक असतं.

यंदाचा उन्हाळा मात्र निराळा आहे. किनाऱ्यावर लोकांनी सरकारला न विचारता मीठ उचललं, डोकी फोडून घेतली, तुरुंगात गेले. माडवलीत मीठ नाही, ताड आहेत. दीड महिन्यापासून गावातल्या एकाही भंडाऱ्यानं कोयता झाडाला लावलेला नाही. तेवढ्यानं भागत नाही असं गेल्या आठवड्यात शाळेतल्या सभेत ठरलं. झाडंच पाडायची. झाड नाही तर कर कुठला, आणि गावाची दारूही सुटेल. सभा चालवणारे नांदगावकर मास्तर म्हणाले की पहिली कुऱ्हाड हसुरामचीच पडली पाहिजे, कारण तो पोशा भंडाऱ्याचा मुलगा आहे.

पोशाचं नाव आलं की गावात कुणी पुढे बोलत नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सरकारनं झाडामागचा कर वाढवला, तेव्हा या पट्ट्यातल्या भंडाऱ्यांनी संप केला होता. गावोगाव फिरून कोयते खाली ठेवायला लावणारा माणूस पोशा. पुढे सोसवेना म्हणून एकेक गाव मोडलं, पण पोशा शेवटपर्यंत मोडला नाही. संप चालू असतानाच एके दिवशी घर शाकारायला सुकलेली पानं काढायला तो ताडावर चढला आणि पडून मेला. हसुराम तेव्हा आठ महिन्यांचा होता. बापाचा चेहरा त्याला आठवणं शक्य नाही. बापाची गोष्ट मात्र तो इतक्यांदा ऐकत आला आहे की पोशा म्हटलं की त्याची मान आपोआप ताठ होते.

मागच्या दारी चांगुणा भांडी घासते आहे. राखेचा खरखर आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. हसुरामचे डोळे मिटतात. आवाज लांब जातो, मग वर जातो. आता तो डोक्यावरून येतो आहे, खापर झाडाच्या सालीवर घासल्यासारखा.

‘काका, जरा हे मडकं धरता का?’

हसुराम मान वर करतो. पडवीचा खांब खांब राहिलेला नाही. तो ताड आहे आणि छपरातून आरपार वर गेला आहे. त्याच्या अर्ध्यावर एक माणूस पायात दोर अडकवून उभा आहे. दोरीला बांधलेलं मडकं तो सावकाश खाली सोडतो. हसुराम दोन्ही हातांनी ते झेलतो. मडकं गार आहे आणि रिकामं आहे.

माणूस उतरतो. पंचविशी-तिशीतला असेल, अंगानं काटक. उतरण्याची लकब हसुरामला ओळखीची वाटते, मग ध्यानात येतं की आपणही असंच उतरतो, डावा पाय आधी टेकवून. माणूस कपाळावरचा घाम पुसतो आणि मान वळवतो. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालेली आहे.

आईनं बापाविषयी आपण होऊन सांगितलेली गोष्ट एवढी एकच. लहानपणी कानातली बाळी ओढली गेली आणि पाळी फाटली.

हसुराम मडकं छातीशी धरतो. त्याचे स्वतःचे केस पांढरे झालेले आहेत, गुडघे दुखतात, आणि समोर उभा असलेला बाप त्याच्या थोरल्या मुलाएवढा आहे. बाबा म्हणायला जीभ वळत नाही. शेवटी तो आपलं नाव सांगतो. मी हसू, म्हणतो. तुमचा हसू.

पोशा त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघतो.

‘एवढा मोठा झालास?’

त्याला आनंद झाला की धक्का बसला ते हसुरामला कळत नाही. पोशा हात पुढे करतो, हसुरामच्या गालावरची सुरकुती बोटानं चाचपतो आणि हात काढून घेतो. मग चल म्हणतो आणि चालू लागतो.

ते झाडांमधून चालतात. सतरा असायला हवेत तिथं ताड संपत नाहीत. पायाखालची वाळू घट्ट होते, तिच्या फरश्या होतात, आणि झाडांच्या मधून मेजं मांडलेली दिसतात. मेजांवर कागदांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर दगड. ही अबकारी कचेरी आहे. छत नाही, ताडांचे शेंडे आहेत. एक कारकून डांबराचा डबा घेऊन एकेका बुंध्यावर आकडा घालत येतो. तो कुणाकडे बघत नाही. एका झाडावर लिहितो, दुसऱ्यावर लिहितो, मग पोशाच्या उघड्या पाठीवर कुंचला टेकवतो आणि तिथंही आकडा काढून पुढच्या झाडाकडे जातो. पोशा अंग चोरत नाही. जणू रोजचंच आहे.

हसुराम गप्प राहू शकत नाही. हे काय चाललंय, असं विचारतो.

पोशा चालता चालता सांगतो. त्याच्या आजाच्या वेळी कोण किती ताडी काढतो याची कुणाला पडलेली नव्हती. मग कर आला तो थोडासा, आणि लोकांनी भरला. पुढच्या वर्षी वाढला. मग असं निघालं की कर भरूनही ताडी वाटेल त्याला विकता येणार नाही, एका मक्तेदारालाच द्यायची आणि तो देईल ते घ्यायचं. मग झाडांना आकडे आले. सणाला घरात पिण्यापुरती ताडी काढली तरी शिपाई दारात. लोकांनी अर्ज केले. लिहिता येणारा माणूस चार कोसांवर होता, त्याच्याकडे पोशा सात वेळा गेला. अर्ज कुठल्या मेजाखाली गेले ते कळलं नाही. तेव्हा कोयते ठेवले.

‘आमचं मागणं एवढंच होतं,’ पोशा म्हणतो, ‘कर पूर्वीएवढा करा, आणि आमची ताडी आम्हाला विकू द्या. पुढं काय झालं? केला कमी?’

हसुराम मान हलवतो. नाही केला. उलट वाढत गेला. पण संप वाया गेला नाही, असं तो घाईघाईनं सांगू लागतो. लोकांनी ते मनात ठेवलं. इकडं ताडाचा कर, तिकडं मिठाचा, डोंगरातल्या लोकांना रानात गुरं चारायचा, शेतकऱ्याला शेतसाऱ्याचा. ज्याचं त्याचं दुखणं वेगळं होतं, म्हणून बरीच वर्षं ज्यानं त्यानं आपापला अर्ज लिहिला. मग हळूहळू लोकांना कळलं की सगळे अर्ज एकाच दारात जाऊन पडतात. तेव्हा लोक कर किती हे विचारायचे थांबले, आणि आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण हे विचारू लागले.

बोलता बोलता ते शाळेत आलेले आहेत. फळ्यावर उद्याचा कार्यक्रम लिहिलेला आहे. बाकांवर गावातली माणसं दाटीनं बसली आहेत आणि सगळी झोपलेली आहेत, बसल्या बसल्या, डोळे मिटून. भिंतीवर मास्तरांनी काढवून घेतलेली तसबीर आहे. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, हातात कोयता.

पोशा तसबिरीसमोर थांबतो आणि हा कोण म्हणून विचारतो.

तुम्हीच, असं हसुराम सांगतो.

पोशा आपल्या ओठावरून बोट फिरवतो. तिथं मिसरूड म्हणावी इतकीच मिशी आहे. फेटा त्यानं लग्नात बांधला होता, तोही मागून आणलेला, असं तो म्हणतो. मग वळून विचारतो, मग आता तुमचं मागणं काय आहे?

‘सरकारच नको,’ हसुराम म्हणतो. ‘त्यांनी जावं. आपलं राज्य आपण करू.’

पोशा बाकांच्या मधून दोन पावलं जातो. तो झोपलेल्या माणसांकडे बघतो, फळ्याकडे बघतो. साधा झाडामागचा कर कमी करा म्हणताना आमचे पाय लटपटत होते रे, असं तो हळू आवाजात म्हणतो. अख्खं सरकार जाऊ शकतं असं त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याचा चेहरा उजळतो, आणि हसुरामला वाटतं, आता हा शाबास म्हणेल. तेवढ्यात पोशा फळ्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवतो. त्याला वाचता येत नाही, पण बोट बरोबर त्याच ओळीवर पडतं.

‘हे काय लिहिलंय?’

हसुराम सांगतो. सकाळी सात वाजता ताड तोडणे. आरंभ, हसुराम पोशा भंडारी.

‘माझे?’

हसुराम फळ्यावरच्या आपल्या नावाकडे बघतो.

‘झाडं राहावीत म्हणून आम्ही कोयते ठेवले होते,’ पोशा म्हणतो. त्याच्या आवाजात राग नाही, राग असता तर बरं झालं असतं. ‘तुम्ही झाडंच पाडणार?’

हसुराम मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगून बघतो. सरकारचं उत्पन्न तुटेल. व्यसन जाईल. सभेत हे बोलताना त्याचा आवाज चढला होता, टाळ्या पडल्या होत्या. इथं शब्द तोंडातून निघतात आणि कोरडे होऊन खाली पडतात. शेवटी त्याला सुचतं ते एवढंच की तुमच्याच नावानं करतोय हे सगळं. तुम्ही मोडला नाहीत, म्हणून आम्हाला बळ आलं.

पोशा त्याच्या हातातलं रिकामं मडकं काढून घेतो.

‘हसू, मी पडलो तेव्हा पानं काढायला चढलो नव्हतो.’

शाळा नाही. एक खोपटं आहे, कुडाच्या भिंतींचं, आणि पहाटेचा राखाडी उजेड फटींतून आत येतो आहे. कोपऱ्यात एक बाई भिंतीला टेकून बसली आहे. ती पोरगीच आहे, अठरा-एकोणीस वर्षांची. गालांची हाडं वर आलेली. तिच्या मांडीवर मूल आहे. ते रडतं आहे हे त्याच्या तोंडावरून कळतं, आवाज मात्र येत नाही. बाई त्याला छातीशी धरते, सोडते, पुन्हा धरते. मग मूल नुसतंच तोंड उघडं ठेवतं.

ती आपली आई आहे हे हसुरामला तिच्या हातांवरून कळतं. मांडीवर कोण आहे ते कळायला वेळ लागतो, आणि कळतं तेव्हा तो दाराच्या चौकटीला धरतो.

चार महिने कोयता बंद होता, पोशा सांगतो. घरातलं आधी भात गेलं, मग नाचणी गेली, मग शेजाऱ्यांकडचं मागून आणणं गेलं, कारण शेजारीही भंडारीच. खाडीतले खुबे-शिंपले उकडून दिवस काढले. बायकोचं दूध आटलं. मुलाला खुब्यांचं पाणी पाजलं, तेही पोटात राहीना. तिसऱ्या दिवशी ते रडायचंही थांबलं. तेव्हा पोशा पहाटे उठला आणि मागच्या अंगाच्या एका जुन्या ताडावर चढला. उजाडायच्या आतली ताडी आंबलेली नसते, नुसती गोड नीरा असते, ती पोराच्या पोटात राहील असं त्याला वाटलं. फडक्याचं टोक बुडवून चोखवलं. राहिली. मूल झोपलं. दुसऱ्या पहाटे तो पुन्हा चढला. तिसऱ्या पहाटेही.

‘दिवसा गावोगाव जाऊन सांगायचो, कोयता लावेल तो भंडाऱ्याचा नाही. आणि पहाटे मीच चढायचो.’

हसुराम विचारतो, मग चौथ्या दिवशी?

पोट रिकामं असलं की वर गेल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, एवढंच पोशा म्हणतो.

बाकीचं हसुरामला दिसतं. कोपऱ्यातली पोरगी उठते, मुलाला खाली ठेवते, दाराबाहेर जाते. झाडाखाली पोशा निपचित पडलेला आहे, भोवती फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या पसरलेल्या आहेत. ती आधी खापऱ्या गोळा करते. एक एक वेचून पदरात घेते, खाडीत टाकून येते. कोयता वाळूत पुरते. मग चार सुकलेली पानं आणून जवळ पसरते. आणि मग, सगळं नीट झाल्यावर, नवऱ्याजवळ बसून ओरडते. त्या ओरडण्याचाही आवाज येत नाही.

शाळेत किंवा देवळापुढं कुणी पोशाची गोष्ट सांगायला लागलं की आई उठून जायची. तिला दुःख आवरत नाही, असं सगळे म्हणायचे. हसुरामही म्हणायचा. ती मरेपर्यंत म्हणाला.

चव्वेचाळीस वर्षं तो ज्या गोष्टीच्या आधारानं उभा राहिला ती गोष्ट एका उपाशी पोरीनं पहाटेच्या उजेडात वाळूवर मांडलेली होती. आणि बापानं संप मोडला होता तो त्याच्याचसाठी. त्याच्या तोंडात घालायच्या फडक्यासाठी.

‘मी हे लोकांना सांगू?’ तो विचारतो.

‘सांग. पण पोर रडत होतं हेही सांग.’

‘आणि उद्याचं काय? झाडं?’

पोशा पायात दोर अडकवतो. खोपट्याच्या मधोमध ताड आहे, तो मघापासून होता की आत्ता आला ते कळत नाही. पोशा दोन हात वर चढतो आणि थांबतो.

‘सरकार जावं असं तुम्हाला वाटतं, ते आमच्या ध्यानीमनी नव्हतं. ते मोठं आहे, मी त्याला नाही म्हणत नाही. पण मास्तरांना एक विचार. झाडं पडल्यावर कुणाच्या घरात तिसऱ्या दिवशी पोर रडायचं थांबेल, तेव्हा तिथं कोण जाणार आहे? हे तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. मीही नुसता कोयते ठेवा म्हणत फिरलो.’

मग तो झरझर वर जातो. हसुराम ओरडून सांगू बघतो की थांबा, चढू नका, आज चौथा दिवस आहे. तो बुंध्याला मिठी मारतो, हात पसरतो, मान मागे टाकून वर बघतो. शेंड्यात पानं सळसळतात. मडकं कलंडतं. काहीतरी गार त्याच्या हनुवटीवर पडतं, गळ्यावरून खाली ओघळतं.

‘अहो, उठा. माणसं निघालीत शाळेकडून.’

चांगुणा त्याचा खांदा हलवते आहे. पडवीत उन्हाची तिरीप आलेली आहे. खांब लाकडाचा आहे, छप्पर जागेवर आहे. हसुरामचे हात अजून तसेच पसरलेले आहेत.

चांगुणा एकदम मागे सरते.

त्याच्या छातीवर मुंग्या आहेत. तांबड्या, बारीक, शेकड्यांनी. चटईवरून त्यांची रांग आलेली आहे, ती सदऱ्याच्या काठावरून चढून थेट गळ्यापर्यंत गेली आहे. हनुवटीपासून छातीपर्यंत सदऱ्यावर एक ओला, चिकट ओघळ आहे आणि मुंग्या त्याच्या दोन्ही कडांना डोकी टेकून बसल्या आहेत.

‘तुम्ही चढला होता?’ ती विचारते. तिचा आवाज पार खाली गेलेला आहे.

झोपलो होतो, एवढंच तो सांगतो. तिनंही त्याला मघापासून इथंच पडलेलं पाहिलं आहे, भांडी घासता घासता दोनदा. ती वाकते, बोटानं तो ओघळ टिपते आणि जिभेला लावते. ताडी काढणाऱ्याची लेक आणि ताडी काढणाऱ्याची बायको. तिचं बोट तोंडातच राहतं.

‘ही गोड आहे,’ ती म्हणते. ‘पहाटेची.’

बाहेर उन्हं कलली आहेत. एवढ्या उकाड्यात सकाळी काढलेली ताडीसुद्धा दुपारपर्यंत आंबून जाते. आणि दीड महिन्यात गावात एक मडकंही झाडाला लागलेलं नाही. चांगुणा मागच्या ताडांच्या शेंड्यांकडे बघते.

रस्त्यावरून आवाज येऊ लागतात. पावलं, मग आरोळी, त्याच्या बापाच्या नावाची. जय म्हणणारे पंचवीस-तीस तरी असतील. चांगुणा भानावर येते, आत जाते, ओलं फडकं आणि जुना सदरा घेऊन बाहेर येते. लवकर बदला, म्हणते. हे कुणी पाहिलं तर काय समजतील, पोशाच्या मुलानंच कोयता लावला म्हणतील.

हसुराम उठून बसतो. तो एका हातानं हळूच मुंग्या झाडतो, फार नाही, चावणाऱ्या तेवढ्याच. फडकं तो घेत नाही. चांगुणा त्याचा चेहरा पाहून हात खाली करते.

फाटकापाशी नांदगावकर मास्तर सगळ्यांच्या पुढं उभे आहेत. हसुरामला पडवीच्या पायऱ्या उतरताना पाहून ते हात वर करतात, पुन्हा एकदा पोशाचं नाव घेतात. लोक ओरडतात. मग पुढच्या रांगेतल्यांची नजर त्याच्या सदऱ्यावर जाते. ते भंडारी आहेत. तो डाग कशाचा हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. आरोळी अर्ध्यावर तुटते, आणि मागच्यांनाही कळतं की पुढं काहीतरी झालं आहे.

‘मास्तर, आधी मला एक सांगायचंय,’ हसुराम म्हणतो. ‘माझा बाप का चढला ते.’

आणि फाटकाची कडी काढतो.